तिसऱ्या टेबलावरचा मेनू

मंडळी, विषय वाचून काही जण टॅब बंद करतील याची कल्पना आहे, पण जरा दम धरा. आजचा विषय आहे संस्थळांवरचे मेनू. तेच ते. वरच्या पट्टीतल्या शब्दावर माऊस नेला की खाली यादी लोंबते, त्या यादीतल्या एका ओळीवर नेला की उजवीकडे आणखी एक यादी बाहेर येते, आणि तिच्यात बारकासा बाण दिसला की समजायचं, हिच्याही पोटात एक आहे.

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. एक, मेनू माऊस नुसता वर नेल्याने उघडू नये, टिचकी मारल्यावर उघडावा. दोन, मेनूला तिसरी पातळी लागत असेल तर तो सीएसएसचा प्रश्न राहिलेला नसतो. कुणीतरी घ्यायचा निर्णय घेतलेला नसतो, आणि त्याची किंमत बाहेरून आलेला माणूस मोजत असतो. असं का म्हणतोय, ते पुढे.

आधी थोडं जुनं. सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ची. तिच्यात हॉवर नव्हतंच. ते आलं मे १९९८मध्ये, सीएसएस-२ बरोबर. त्या काळात लोंबता मेनू करायचा म्हणजे जावास्क्रिप्टचं जंगल असायचं. प्रत्येक दुव्यावर माऊसओव्हर, माऊसआउट, वर टायमर. नेटस्केपसाठी वेगळा कोड, एक्स्प्लोररसाठी वेगळा. मेनूचा मजकूर बऱ्याचदा स्क्रिप्टच्याच आत कोंबलेला, त्यामुळे स्क्रिप्ट अडखळलं की मेनू गायब.

मग नोव्हेंबर २००३मध्ये 'अ लिस्ट अपार्ट'वर पॅट्रिक ग्रिफिथ्स आणि डॅन वेब यांचा 'सकरफिश ड्रॉपडाउन्स' हा लेख आला. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. मेनू म्हणजे शेवटी काय, तर यादीतली यादी. मग एचटीएमएलमध्ये ती तशीच लिहा, यूएलच्या आत एलआय, एलआयच्या आत पुन्हा यूएल. आतली यादी सीएसएसने लपवा, बाहेरच्या एलआयवर हॉवर आलं की दाखवा. झालं! इंटरनेट एक्स्प्लोरर ६ला फक्त दुव्यांवरचं हॉवर कळायचं, एलआयवरचं नाही, म्हणून त्या एका शहाण्यासाठी डझनभर ओळींचं जावास्क्रिप्ट जोडायचं. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. त्या लेखाची प्रिंट आमच्या टीममध्ये हातोहात फिरली होती.

त्यातली एक गोष्ट मात्र आज फार कमी जणांना आठवते. 'सन ऑफ सकरफिश' नावाच्या पुढच्या आवृत्तीत आतली यादी डिस्प्ले ननने लपवलेली नव्हती. ती पडद्याच्या डावीकडे ९९९ एम लांब ढकलून दिलेली होती. का? तर डिस्प्ले नन केलेला मजकूर स्क्रीन रीडर वाचत नाही. नुसता बाजूला सरकवलेला वाचतो. म्हणजे ज्यांनी ही युक्ती लोकप्रिय केली, त्यांच्या डोक्यात न दिसणारा वाचकही होता.

पुढे झालं असं की त्या युक्तीतला चांगला भाग (खरी, सरळ यादी) मागे पडला आणि सोपा भाग (हॉवर) सगळीकडे पसरला. ऑक्टोबर २००६मध्ये एक्स्प्लोरर ७ आला, त्याला कुठल्याही घटकावरचं हॉवर कळू लागलं आणि उरलासुरला अडसर गेला. आता तिसरी पातळी करायला काय लागतं? पोझिशन ॲब्सोल्यूट, टॉप शून्य, लेफ्ट १०० टक्के. तीन ओळी. चौथ्या पातळीला तर तेवढ्याही नाहीत, त्याच तीन चालतात. वस्तू फुकट मिळाली की आपण ती किती वाढून घेतो हे लग्नाच्या बुफेत पाहिलंच असेल.

आता माऊस धरणाऱ्या हाताच्या बाजूने बघू.

१९५४मध्ये पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने एक नियम मांडला. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. बटणांसाठी हा नियम झकास लागू पडतो. पण मेनूत नुसतं पोचायचं नसतं, वाटेत पाय घसरू न देता पोचायचं असतं. त्यासाठीचा नियम १९९७मध्ये जॉनी ॲको आणि शूमिन झाय यांनी दिला, त्याला स्टीअरिंग लॉ म्हणतात. बोगद्यातून जायला किती वेळ लागेल ते बोगद्याची लांबी भागिले रुंदी या आकड्यावर ठरतं.

एक हिशेब करून बघू. यादी २०० पिक्सेल रुंद आहे आणि तिची प्रत्येक ओळ २५ पिक्सेल उंच. आठ ओळी खाली उतरायचं तर अंतर २०० पिक्सेल, आणि मोकळी रुंदीही २०० पिक्सेल. भागाकार १. आता त्या आठव्या ओळीवरून उजवीकडच्या यादीत जायचंय. ओळीच्या डाव्या टोकापासून अंतर तेच, २०० पिक्सेल. पण बोगदा फक्त २५ पिक्सेलचा. भागाकार ८. अंतर तेवढंच, अवघडपणाचा आकडा आठपट. आणि घसरलात तर पुन्हा पहिल्या पायरीपासून. सापशिडीत निदान फासे तरी असतात.

त्यात माणूस काटकोनात चालत नाही, तिरका जातो. उजवीकडच्या यादीतली चौथी ओळ दिसली की हात सरळ तिकडेच निघतो. वाटेत खालच्या ओळीचा कोपरा लागला की उघडलेली यादी मिटते आणि भलतीच उघडते. हा प्रश्न जुना आहे. ॲपलमध्ये १९८०च्या दशकातच ब्रूस टॉग्नाझिनी यांनी मॅकच्या मेनूंसाठी त्याचं उत्तर दिलं होतं. पॉइंटर उपमेनूच्या दिशेने निघाला की एक पसरत जाणारा तिरका पट्टा सूट म्हणून द्यायचा, त्या पट्ट्यात असेपर्यंत यादी बदलायची नाही. २०१३मध्ये बेन केमन्स या प्रोग्रामरने ॲमेझॉनच्या मेनूत तशीच त्रिकोणाची युक्ती कशी चालते ते उलगडून दाखवलं. पण दोन्हीकडे पॉइंटर कुठून कुठे चाललाय ते मोजावं लागतं. सीएसएसच्या हॉवरला पॉइंटर 'इथे आहे' एवढंच कळतं, 'तिकडे निघालाय' हे कळत नाही.

सीएसएसच्या हातात फार तर दोन गोष्टी. यादी मिटताना ट्रान्झिशनला थोडा डिले द्या, म्हणजे हात जरा चुकला तरी सावरायला वेळ मिळतो. आणि मुख्य शब्द व खालची यादी यांच्यात मार्जिन ठेवू नका, पॅडिंग ठेवा. पाच पिक्सेलची फट दिसायला छान दिसते, पण ती कुणाच्याच मालकीची नसते. माऊस तिथे आला की हॉवर संपलं आणि मेनू मिटला. ही सगळी मलमपट्टी आहे. ती जरूर करा, पण त्याला उपचार म्हणू नका.

हे आकडे कुणाच्या वाट्याला येतात ते सांगतो. आमच्या इमारतीत एक काका राहतात, पंचाहत्तरीच्या पुढचे. आयुष्यभर हिशेबाचं काम केलेलं. घरातला पैसा न् पैसा त्यांच्या वहीत. हल्ली हात थरथरतो. एका रविवारी त्यांनी बोलावलं. ठेवीवरच्या व्याजाचा दाखला हवा होता, आणि तो त्या संस्थेच्या संस्थळावर तिसऱ्या पातळीवर होता. मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. माऊस त्यांच्याच हातात. पहिली यादी उघडली. दुसरी उघडली. तिच्याकडे जाता जाता हात जरासा खाली गेला आणि दोन्ही मिटल्या. पुन्हा केलं. पुन्हा मिटल्या. पाच-सहा वेळा झाल्यावर त्यांनी माऊस सोडला आणि म्हणाले, "अरे, कुठे आहे ते मला माहितीये. दिसतंयही. हात पोचत नाही."

"काका, कळफलकाने जमतंय का बघू," म्हणून मी टॅब दाबत गेलो. टॅब वरच्या पट्टीतल्या सात शब्दांवरून गेला आणि थेट खालच्या मजकुरात उतरला. लपवलेल्या याद्या कळफलकाच्या गावीच नव्हत्या. शेवटी शोधाच्या खिडकीत दाखल्याचं नाव टाइप केलं तेव्हा तो मिळाला.

निघताना मी विचारलं, "एरवी काय करता?" तर म्हणाले, "नातवाला पासवर्ड लिहून दिलाय. त्याला वेळ झाला की तो काढून देतो."

वाचायला साधं वाक्य आहे. पण जरा थांबून बघा. ज्या माणसाने पन्नास वर्षं स्वतःचा हिशेब स्वतः ठेवला, त्याचा पासवर्ड आता कागदावर आहे आणि त्याची कामं दुसऱ्याच्या सवडीवर आहेत. डोकं शाबूत आहे, नजर शाबूत आहे. आडवी आली ती एक २५ पिक्सेलची ओळ. आणि ती ओळ कुणीतरी एका दुपारी, दुसरं काहीतरी करता करता, स्टाइलशीटमध्ये लिहिलेली.

कळफलकाचं म्हणाल तर उपाय आहेत. फोकस-विदिन नावाचा सिलेक्टर २०१७पासून फायरफॉक्स, क्रोम आणि सफारीत आला. यादीच्या आत कुठेही फोकस असेल तर बाहेरच्या एलआयला तो लागू होतो, म्हणजे जिथे जिथे हॉवर लिहिलंय तिथे तिथे शेजारी हेही लिहायचं. फक्त यादी टॅबने पोचता येईल अशी लपवलेली हवी, डिस्प्ले ननने नव्हे. पण त्याने नवीच पंचाईत होते. आता टॅब प्रत्येक यादीत शिरतो, तिथला प्रत्येक दुवा फिरून येतो. साठ दुव्यांचा मेनू असेल तर मजकुरापर्यंत पोचायला साठ वेळा टॅब. टिचकीने उघडणाऱ्या मेनूत हा त्रास नाही. सात बटणं असतील तर सात टॅब, हवं तेच बटण उघडायचं.

बोटाचंही तेच. २००७मध्ये आयफोन आला आणि हॉवर नावाचा प्रकारच नसलेला पडदा लोकांच्या खिशात गेला. बोट एकतर काचेवर असतं किंवा नसतं, 'वर घिरट्या' वगैरे काही नाही. जुन्या संस्थळांसाठी मोबाइलमधल्या सफारीने तडजोड केली. टिचकीने आधी हॉवरचं सोंग आणायचं, त्याने पडद्यावर काही नवं उघडलं तर ती टिचकी तिथेच संपवायची, दुव्यावर जायला दुसरी टिचकी. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं, फोन बिघडलाय.

आता गंमत बघा. आज जवळजवळ प्रत्येक टीम फोनसाठी टिचकीवर उघडणारा वेगळा मेनू करतेच. म्हणजे चांगला मेनू तुमच्याकडे आहे! तो तुम्ही फक्त लहान पडद्याला देता. मोठ्या पडद्यावर त्याच माहितीचा दुसरा, नाजूक मेनू बांधता, त्याची वेगळी देखभाल करता, त्याचे वेगळे बग सोडवता. मला याचं कारण अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. 'डेस्कटॉपवर हॉवर बरा दिसतो' हे कारण नाही, ती सवय आहे.

नियमही याच बाजूने आहेत. जून २०१८मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.१मध्ये हॉवरने किंवा फोकसने उघडणाऱ्या मजकुरासाठी तीन अटी आहेत. माऊस न हलवता तो मिटवता यायला हवा, त्याच्यावर माऊस नेता यायला हवा, आणि वापरणाऱ्याने मिटवेपर्यंत (किंवा हॉवर, फोकस काढून घेईपर्यंत) तो टिकायला हवा. पहिली अट, म्हणजे एस्केप दाबल्यावर मिटणं, नुसत्या हॉवरच्या सीएसएसने होतच नाही. ऑक्टोबर २०२३च्या २.२ आवृत्तीत टिचकीच्या लक्ष्याचा किमान आकार २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल ठरवलाय, काही अपवाद सोडून. काकांची २५ची ओळ त्यात बसते, लक्षात घ्या. नियम पाळूनही माणूस बाहेर राहू शकतो. नियम हा तळ आहे, छप्पर नव्हे.

आता आपल्या मराठीकडे येऊ, कारण इथे एक जास्तीची गंमत आहे. बरेच मेनू आधी इंग्रजीत बेततात आणि मग त्याच साच्यात मराठी ओततात. इंग्रजी 'होम'च्या जागी 'मुखपृष्ठ', 'कॉन्टॅक्ट'च्या जागी 'आमच्याशी संपर्क साधा'. रुंदी १२० पिक्सेलला खिळवून ठेवलेली असेल तर शब्द दुसऱ्या ओळीत उतरतो, उंचीही खिळवलेली असेल तर पुढच्या दुव्यावर चढतो. इंग्रजीला पुरणारी लाइन-हाइट देवनागरीला पुरत नाही. वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. त्यातून ओव्हरफ्लो हिडन असेल तर 'पूर्ती'चा उकार कापला जातो आणि 'र्मा' व 'मा' सारखेच दिसतात. लेटर-स्पेसिंग दिलं की शिरोरेघ तुटून अक्षरं दातपडक्या कंगव्यासारखी दिसतात. अपरकेसचं तर बोलायलाच नको. इंग्रजीत मुख्य शब्द मोठ्या लिपीत आणि उपशब्द लहान, अशी पायरी केलेली असते. देवनागरीत लहान-मोठी लिपीच नाही, त्यामुळे ती पायरी सपाट होते आणि कोण कुणाच्या पोटात आहे ते कळेनासं होतं.

उपाय अवघड नाहीत. पानाला भाषेची खूण द्या (स्क्रीन रीडर मराठीला इंग्रजी समजून वाचणार नाही, हा दुसरा फायदा). सीएसएसमधला लँग हा सिलेक्टर १९९८पासून आहे. तो वापरून मराठीसाठी लेटर-स्पेसिंग काढून टाका, लाइन-हाइट वाढवा. मापं पिक्सेलऐवजी एममध्ये घ्या. उंची खिळवू नका, पॅडिंग द्या आणि शब्दाला त्याची जागा घेऊ द्या. पायरी दाखवायला अक्षराचा ठळकपणा आणि समास वापरा. हे सगळं करून पाहिलं की एक गोष्ट आपोआप कळते. मराठी शब्द सुखाने मावतील एवढी जागा दिली की तीन पातळ्या शेजारी शेजारी पडद्यावर मावतच नाहीत. आपली लिपीच सांगतेय, आवरा. :)

आणि इथे मी माझ्या दुसऱ्या मुद्द्यावर येतो. तिसरी पातळी येते कुठून?

मी ज्या ज्या बैठकांना बसलोय तिथे ती एकाच वाटेने येते. संस्थेत सहा विभाग असतात, प्रत्येकाचा प्रमुख असतो, प्रत्येकाला 'आपलं' वर दिसायला हवं असतं. पट्टीत सातच शब्द मावतात. मग कुणालाच नाही म्हणायचं नसतं, म्हणून सगळ्यांना कुठल्या तरी यादीत, त्या यादीच्या यादीत जागा दिली जाते. बैठक गोडीगुलाबीने संपते. मेनू म्हणून जे तयार होतं तो खरं तर त्या संस्थेचा तक्ता असतो, कोण कुणाच्या हाताखाली आहे त्याचा.

बाहेरच्या माणसाला तो तक्ता माहीत नसतो आणि माहीत असायचं कारणही नाही. त्याला फी भरायची असते, निकाल बघायचा असतो, दाखला हवा असतो. 'दाखला' हा शब्द 'सेवा'मध्ये असेल, 'विभाग'मध्ये असेल की 'डाउनलोड'मध्ये, हे त्याने ओळखायचं. सरकारी कचेरीत गेलेल्या कुणालाही हा खेळ ठाऊक आहे. पहिल्या टेबलावर सांगतात दुसऱ्यावर जा, दुसरा सांगतो हे तिसऱ्याचं काम, आणि तिसरा जेवायला गेलेला असतो. त्या कचेऱ्यांना आपण वर्षानुवर्षं नावं ठेवली, आणि संगणक हातात आल्यावर तीच टेबलं हुबेहूब पडद्यावर मांडली. फरक एवढाच की तिथे निदान विचारायला माणूस होता.

याउलट बाजूही आहे, ती टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप, टिचकीचा मेनू म्हणजे एक टिचकी जास्त. खरं आहे. पण तीन वेळा घसरून पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा एक जादा टिचकी स्वस्त. दुसरा आक्षेप दुकानांचा. हजारो वस्तू, शेकडो वर्ग, दोन पातळ्यांत कसे बसणार? रास्त प्रश्न. त्याचं उत्तर रुंद मेनू हे आहे. एक टिचकी मारली की मोठा फलक उघडतो, त्यात चार-पाच रकाने, प्रत्येकावर मथळा, खाली दुवे. वर्गवारी तीच, पण सगळी एकदम नजरेसमोर, कुठल्याही बोगद्यातून जायचं नाही. सीएसएस ग्रिडने हे आता अगदी सरळ होतं. त्याहून जास्त असेल ते त्या वर्गाच्या स्वतंत्र पानावर जाऊ द्या. पान काही वाईट नसतं हो. पानाला पत्ता असतो, तो कुणाला पाठवता येतो, त्यावर दोन वाक्यं समजावून लिहिता येतात. मेनूच्या तिसऱ्या पातळीला यातलं काहीच नसतं. तिसरा आक्षेप, रोज तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सरावलेल्या लोकांना खोल मेनू चालतात. चालतात, मान्य. पण ते साधन शिकायला पगार मिळतो त्यांना. संस्थळावर येणाऱ्याला मिळत नाही.

मग करायचं काय? आधी याद्या खऱ्या लिहा, यूएल आणि एलआय, सकरफिशवाल्यांनी शिकवल्यासारख्या. ज्या शब्दाखाली यादी आहे तो शब्द दुवा न ठेवता खरं बटण करा आणि त्याला एरिया-एक्स्पांडेड लावा, म्हणजे उघडंय की मिटलंय ते स्क्रीन रीडर सांगेल. (भारदस्त वाटतं म्हणून एरियाचा 'मेनू' हा रोल लावू नका. तो डेस्कटॉप सॉफ्टवेअरमधल्या मेनूंसाठी आहे, त्याला बाणांच्या कळा वगैरे सगळं जोडावं लागतं.) सीएसएसने ते बटण उघडं असल्याच्या खुणेवरूनच यादी दाखवा. मग दिसणं आणि सांगणं यांत कधी फरक पडत नाही. एस्केपने मिटवा. हॉवरला रंग बदलायचं काम द्या, अधोरेखनाचं द्या. ते काम तो छान करतो.

आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी तीन चाचण्या. माऊस डाव्या हातात घ्या (डावखुरे असाल तर उजव्या) आणि सर्वात खोल दुव्यावर जाऊन दाखवा. मग माऊस काढून ठेवा आणि कळफलकाने तिथेच जा. मग झूम ४०० टक्के करा आणि पुन्हा जा. दहा मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत, आणि बैठकीत जे शब्दांनी पटत नाही ते मॅनेजरच्या डाव्या हातात माऊस दिला की लगेच पटतं. स्वानुभव.

आपल्याकडे हा प्रश्न आता नुसत्या चांगुलपणाचाही राहिलेला नाही. भारतीय सरकारी संस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९पासून आहेत आणि २०२३च्या तिसऱ्या आवृत्तीत ती डब्ल्यूसीएजी २.१शी जोडली आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन लोकांना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवायला सांगणारी ती प्रक्रिया. न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. डोळे मिचकावणं आणि २५ पिक्सेलच्या ओळीवर हात स्थिर ठेवणं, मला तरी दोन्ही एकाच जातीच्या अटी वाटतात. कुणीतरी गृहीत धरलं की हे सगळ्यांना जमतं.

असो. फार ताणत नाही. सोमवारी ऑफिसात कुणी म्हणालं, "इथे एक सबमेनू टाकूया, त्यात अजून एक," तर 'सीएसएसमध्ये होईल का' हा प्रश्न विचारू नका. होतं, तीन ओळींत होतं. विचारायचं एवढंच की हे तिसरं टेबल कुणासाठी मांडतोय. आतल्या माणसांसाठी मांडत असाल तर ती यादी आतल्या फायलीत ठेवा, बाहेरच्याला रांगेत उभं करू नका.